चौकटीतले ठिपके

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्यात, एका घरात, माजघरातून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. घरोघरी असतं तेच त्यावर आहे: दूध कोणत्या दिवशी घेतलं नाही, सिलिंडर कधी लावला, लाईट बिल कधी भरलं. त्याशिवाय काही तारखांच्या चौकटींत पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. घरातला मुलगा ऑटिस्टिक. तेव्हा नऊ वर्षांचा होता, बोलत नव्हता. ज्या रात्री तो झोपायचा नाही, दारावर डोकं आपटायचा, स्वतःच्या मनगटाला चावायचा, त्या तारखेला त्याची आई एक ठिपका द्यायची. रात्र फारच वाईट गेली तर दोन. मीच तिला तसं करायला सांगितलं होतं, पण त्यातून काय हाती लागेल याची मलाही तेव्हा कल्पना नव्हती.

दोन महिन्यांनी आम्ही दोघी ते कालनिर्णय खाली उतरवून जमिनीवर पसरून बसलो. बहुतेक सगळे ठिपके रविवार आणि सोमवारच्या रांगेत होते. मुलाचे वडील गोव्यात नोकरीला. शनिवारी रात्री यायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. ते निघताना मुलगा कधी रडला नव्हता, म्हणून घरात कुणालाच हे सुचलं नव्हतं. तोवर आमच्या कागदावरचं उद्दिष्ट होतं 'रात्री शांत झोपणे'. त्या दुपारी ते खोडलं आणि तिथे लिहिलं: 'बाबा कधी येणार आणि कधी जाणार हे त्याला आधी कळणे'. पुठ्ठ्याची सात खणांची पट्टी केली. शनिवारच्या खणात वडिलांचा फोटो, रविवारच्या खणात लाल गाडीचं चित्र. रोज रात्री झोपण्यापूर्वी एक खण त्यानं स्वतः झाकायचा. पुढच्या महिन्यांत ठिपके संपले नाहीत, पण बरेच विरळ झाले. (घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

ऑटिस्टिक मुलांसाठी उद्दिष्टं ठरवणं आणि त्यांच्या प्रगतीची नोंद ठेवणं या क्षेत्राची ओळख करून देताना मी त्या भिंतीपासून सुरुवात करते, कारण पुढे जे जे सांगायचं आहे ते सगळं त्यात आहे. कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे. १९७३ सालापासून हे पंचांग मराठी घरांच्या भिंतीवर आहे, आणि त्याच्या चौकटीत चार अक्षरं लिहून ठेवण्याची सवय आपल्या बायकांना तेव्हापासूनच आहे. 'ध्येयनिश्चिती' आणि 'प्रगतीची नोंद' हे शब्द ऐकून ज्या आईबापांच्या पोटात गोळा येतो, त्यांना मला आधी हेच सांगायचं असतं की यातला अर्धा भाग तुम्ही रोज करता. उरलेला अर्धा शिकता येतो.

शब्दांपासूनच सुरू करू. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत हाच शब्द असतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून मूळ संज्ञा घडवली, तिचं हे भाषांतर आहे. शब्द देखणा असला तरी तो दिशाभूल करतो. वडील गेल्यावर दोन रात्री न झोपणारा मुलगा स्वतःत मग्न आहे असं कोण म्हणेल? गावात आता लोक सरळ 'ऑटिझम' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. दुसरी जोडी 'ध्येय' आणि 'उद्दिष्ट' यांची. ध्येय लांबचं: 'आपल्या माणसांत वावरता यावं'. उद्दिष्ट जवळचं, डोळ्यांनी दिसणारं, तारीख घातलेलं: 'दिवाळीपर्यंत आजीबरोबर दुकानात जाऊन एक वस्तू आणणे'. आईबाप बहुधा ध्येय सांगतात आणि शिक्षक उद्दिष्ट लिहितात. दोघांमधला सांधा निखळला की कागद एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी गत होते.

ऑटिझमचा इतिहास बहुतेक पुस्तकांत डॉक्टरांच्या नावांनी सांगितला जातो. सोव्हिएत रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये काही मुलांचं बारकाईनं वर्णन केलं, बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरचा निबंध लिहिला, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांचा निबंध आला. मला हा इतिहास दुसऱ्या बाजूनं वाचायला आवडतो. प्रत्येक काळात मोठ्या माणसांनी या मुलांकडून काय व्हावं अशी इच्छा धरली? ती इच्छा कोणाची होती?

कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथला. लहान असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला संस्थेत ठेवलं होतं, आईवडिलांनी परत घरी आणलं. पुढे त्याला काही वर्षं गावाबाहेरच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवलं. ही माणसं शिक्षक नव्हती, डॉक्टर नव्हती. कॅनर १९४५ मध्ये तिथे जाऊन आले आणि जे पाहिलं ते त्यांनी १९७१ च्या पाठपुराव्यात लिहिलं. डोनाल्डला मोजमापांचं वेड होतं. शेतकऱ्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते त्यानं मोजून सांगायचं असं ठरवलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगर त्याच्याच हाती देऊन नांगरता नांगरता मोजायला सांगितलं. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी दफनभूमीची जागा नेमून दिली आणि प्रत्येकावर पाटी लावायला शिकवलं. त्या काळी, आणि आजही बऱ्याच ठिकाणी, 'मोजणे बंद करणे' हेच पहिलं उद्दिष्ट लिहिलं गेलं असतं. त्या जोडप्यानं मुलाच्या आवडीतूनच काम शोधलं. डोनाल्ड मोठा होऊन गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, गाडी चालवायला शिकला, एकटा देशोदेशी हिंडला, आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन आपल्या गावीच वारला. घरची सुबत्ता त्याच्या मदतीला होती, हे विसरून चालणार नाही. पण गावानंही त्याला आपला मानलं होतं. मसुऱ्यासारख्या, वाडीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचं घर माहीत असणाऱ्या गावात काम करताना मला हा भाग फार जवळचा वाटतो.

दुसरं टोक पाहा. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला इवार लोवास यांनी १९ लहान मुलांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्याला ४० तास शिकवणी, प्रत्येक प्रतिसादाची काटेकोर नोंद, आणि अंतिम हेतू हा की मूल शाळेत इतरांतून वेगळं ओळखू येऊ नये. त्यांपैकी ९ मुलं सर्वसाधारण पहिली पार करू शकली असं त्यांनी लिहिलं. त्या पद्धतीत तेव्हा मुलांवर ओरडणं आणि चापट मारणंही होतं. काम छोट्या पायऱ्यांत मोडायचं आणि पायरीपायरीनं नोंद ठेवायची, हे आजही आपण वापरतो, आणि त्याचं श्रेय त्या परंपरेला द्यायलाच हवं. पण मूल मुळात वेगळं आहे ते दिसू नये, हे ध्येय मी कोणत्याही मुलासाठी लिहिणार नाही. त्यानं हात फडफडवणं थांबवलं तर शेजाऱ्यांची सोय होते. त्याचं काय होतं? १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लेखकानं पालकांना उद्देशून केलेल्या भाषणात, जे मूल झालंच नाही त्याच्यासाठी शोक करत बसू नका आणि समोर आहे त्याच्याकडे या, अशी विनवणी केली होती. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकानं त्या भाषणाचा मजकूर शोधून वाचावा.

आता प्रत्यक्ष काम. उद्दिष्ट लिहायची एक जुनी, साधी आणि अजून न हरलेली रीत आहे. १९६८ मध्ये थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी ती मानसिक आरोग्यसेवेसाठी सुचवली. एका उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. मधली पायरी शून्य, म्हणजे ठरलेल्या मुदतीत जेवढं व्हावं अशी वाजवी अपेक्षा आहे तेवढं. वर अधिक एक, अधिक दोन. खाली उणे एक, उणे दोन. नियम एवढाच की पायरी वाचून दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच उत्तर द्यायला हवं.

दुकानाचं उदाहरण घेऊ. मुलगा आज आजीचा हात धरून बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, येतो आणि परत फिरतो. ही उणे दोन. पाणंदीतून अर्ध्या वाटेवरच्या फणसापर्यंत जातो, ही उणे एक. दुकानापर्यंत जातो, चित्राचं कार्ड दुकानदाराच्या हातात देतो आणि वस्तू घेऊन येतो, पाच खेपांतून तीन वेळा; हे शून्य, तीन महिन्यांसाठी. दोन वस्तूंची दोन कार्डं, ही अधिक एक. आजी फणसाजवळ थांबते आणि तो एकटा पुढे जातो, ही अधिक दोन. 'मुलाचा आत्मविश्वास वाढवणे' असं लिहिलं असतं तर आजी एक म्हणाली असती, मी दुसरं आणि दुकानदार तिसरंच. फणसाच्या झाडाबद्दल मात्र वाद होत नाही.

यात आजीचं काम मुलाएवढंच आहे, आणि दुकानदाराचंही. कार्ड मिळाल्यावर "काय रे, तोंडान सांग मरे" असं म्हणायचं नाही, हे दुकानदाराला आधी जाऊन सांगावं लागलं. त्याची पायरी आम्ही कागदावर लिहिली नव्हती. लिहायला हवी होती. पुढे मी शिकले की प्रत्येक उद्दिष्टाखाली एक ओळ मोठ्या माणसांसाठी राखून ठेवायची: आपण काय बदलणार?

आपल्या देशात यासाठी तयार याद्याही आहेत. चेन्नईत जन्मलेल्या मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिममध्ये १८ विभागांत प्रत्येकी २० अशी ३६० कौशल्यं आहेत. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं शाळांसाठी केलेली कार्यात्मक तपाससूची महाराष्ट्रातल्या विशेष शाळांत सर्रास वापरतात. दोन्ही मुळात बौद्धिक अक्षमतेसाठी तयार झालेल्या आहेत, ऑटिझमसाठी नव्हेत. त्या जरूर वापराव्यात, पण विसरलेली गोष्ट आठवायला, वाण्याच्या यादीसारख्या. यादीतला पुढचा आकडा आला म्हणून तो मुलाचं उद्दिष्ट होत नाही. 'बुटाची नाडी बांधणे' हे उद्दिष्ट बारा महिने स्लिपरवर फिरणाऱ्या मुलाच्या वहीत मी पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मला गोव्यावर घालवायचा आहे, कारण तो आपल्या शेजारी आहे आणि तिथे झालेलं काम आपल्या परिस्थितीला लागू पडतं. 'संगत' ही संस्था गोव्यात १९९६ पासून आहे. इंग्लंडमध्ये तपासलेली, जिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले अशी एक पद्धत तिथल्या गौरी दिवाण, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियासाठी नव्यानं बेतली आणि गोवा व पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ६५ मुलांवर तिची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१६ च्या 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. पद्धत मूलतः तज्ज्ञ थेरपिस्टांसाठी होती. इथे ती विशेष पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी चालवली, दर पंधरवड्याला एक अशा १२ बैठकांत.

बैठकीत घडतं ते असं. आई किंवा बाबा मुलाबरोबर काही मिनिटं खेळतात, त्याचं चित्रण होतं. मग कार्यकर्ती आणि पालक शेजारी बसून ते पाहतात. कार्यकर्ती चुका काढत नाही. ज्या क्षणी मुलानं काहीतरी केलं आणि आईनं त्याला जोडून काहीतरी केलं, तिथे ती थांबवते. मुलानं झाकण फिरवलं, आईनंही झाकण फिरवलं, मुलानं मान वर केली. 'इथे काय झालं?' एवढंच विचारते. आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की आपण सतत प्रश्न विचारत होतो तेव्हा तो पाठ फिरवत होता आणि गप्प बसून त्याच्यासारखं केलं तेव्हा जवळ आला. पुढच्या पंधरवड्याचं उद्दिष्ट त्यातून निघतं, आणि ते बहुधा आईचं असतं: 'त्याच्या हातातल्या वस्तूबद्दलच बोलणे'.

चाचणीत असं दिसलं की पालकांचे प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागले, आणि मुलांनी स्वतःहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मात्र दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. हेही संशोधकांनी लिहून ठेवलं आहे, आणि वाचकानं ते लक्षात ठेवावं अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जिथे सगळ्याच खुणा वर चढताना दिसतात तिथे मी ती नोंद पुन्हा तपासते.

गोव्याचा आणखी एक आकडा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या पाहणीत उत्तर गोवा होता. २ ते ९ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक असं त्यात आढळलं. एखाद्या केंद्रशाळेच्या पटावर हा हिशेब करून पाहिला की 'आमच्याकडे असली मुलं नाहीत' हे वाक्य ओठांवरच थांबतं.

आता परत मसुऱ्याकडे येऊ. आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या यात्रेला इथे लाखो माणसं लोटतात, मुंबईहून चाकरमानी येतात, पण यात्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते. ज्या मुलाला उद्या काय आहे हे आज कळावं लागतं, त्याच्यासाठी हे किती कठीण! ठिपक्यांच्या त्या घरात सात खणांच्या पट्टीच्या जोडीला आम्ही एक सुटं, कोणत्याच खणात न चिकटवलेलं देवळाचं चित्र ठेवलं. पट्टीच्या बाहेर, खिळ्याला टांगलेलं. तारीख जाहीर झाली की ते आत यायचं. 'अजून ठरलं नाही' ही गोष्ट चित्रात दाखवता येते हे मला त्या खिळ्यानं शिकवलं.

घराचं उद्दिष्ट होतं सगळ्यांनी मिळून यात्रेला जाणं. तोवर कुणीतरी एक त्याच्याबरोबर घरी राहायचं. पहिल्या वर्षी आदल्या दिवशी, दुकानं लागत असताना, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून गेलो. खाज्याच्या दुकानापर्यंत पोहोचलो, बारा मिनिटं थांबलो, परतलो. दुसऱ्या वर्षी यात्रेच्या दिवशीच पहाटे, अर्धा तास. तिसऱ्या वर्षी तारीख ठरली, चित्र खणात गेलं, आणि सकाळी त्यानं ते काढून पुन्हा खिळ्याला अडकवलं. तो गेला नाही. त्या वर्षीच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. आईनं शेवटी लिहिलं, 'नको म्हणाला'. त्यानं पहिल्यांदा एवढं स्पष्ट 'नको' सांगितलं होतं, आणि ते ऐकलं गेलं होतं.

याच यात्रेतली दुसरी एक गोष्ट मी पालकांना नेहमी सांगते. देवीचा प्रसाद आंगणेवाडीतल्या स्त्रिया अबोल राहून शिजवतात. एवढ्या मोठ्या रांधपात विस्तव, पाणी, मीठ, वाढणं हे सारं हातानं आणि नजरेनं चालतं. मूल बोलत नाही म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आठवावं. कार्ड, चित्र, खूण, टॅबलेट, बोट दाखवणं ही बोलण्याआधीची तात्पुरती सोय नव्हे. ही भाषा आहे, आणि तिच्यातून मिळालेला होकार-नकार तोंडी उत्तराएवढाच पक्का धरायचा.

घरच्यांची उद्दिष्टं हा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. मी पहिल्यांदा त्या घरी मोठा फॉर्म घेऊन गेले तेव्हा आई म्हणाली, "बाईनू, ह्यो आज बोलतलो काय उद्या, ता सांगू नकात. माका एक रात सारकी झोप गावतली काय, ता सांगा." मी फॉर्म पिशवीत ठेवला. आईची झोप हे या कुटुंबाचं पहिलं उद्दिष्ट ठरलं, पाच पायऱ्यांसकट: आठवड्यातून एक रात्र सलग सहा तास, सासूबाई मुलाच्या खोलीत. मुलाची मोठी बहीण सातवीत होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिच्या मैत्रिणी घरी याव्यात. तिनं हे याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबांचं उद्दिष्ट लिहून घ्यायला वेळ लागला: गणपतीत आलेल्या चाकरमान्यांनी "बोलूक लागलो काय?" असं विचारलं की मान खाली न घालता, तो काय काय करतो ते सांगणे. हे त्यांनी त्याच भाद्रपदात साधलं. तेवढ्यासाठी त्यांना नोंदवही पाठ करावी लागली होती.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते, कारण ती बदलत राहते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळालं. मुलांची शाळा-अंगणवाडीत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. सिंधुदुर्गात बहुतेक कागद शेवटी ओरोसला जातात. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० किंवा त्याहून जास्त आले की ऑटिझम धरतात. या आकड्याचा उपयोग हक्क मिळवण्यासाठी आहे. त्यावरून उद्दिष्टं ठरवू नयेत, आणि तो आकडा कमी करणं हे तर उद्दिष्ट असूच नये. ११० चे १०४ झाले म्हणून पेढे वाटणारे पालक मला भेटले आहेत. त्यांच्या आनंदावर विरजण घालवत नाही, पण मुलाच्या दिवसात काय बदललं ते मी विचारतेच.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. २०१६ च्या कायद्यात मात्र मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: पालकानं त्या व्यक्तीबरोबर, परस्पर विश्वासानं, मिळून निर्णय घ्यायचा. हे अठराव्या वाढदिवसाला अचानक जमत नाही. त्या मुलानं देवळाचं चित्र खिळ्याला परत अडकवलं तेव्हा आम्ही त्याची तयारीच करत होतो.

मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांसाठी कोकणात कामं आहेत, काजूची प्रतवारी हे नेहमी सुचवलं जाणारं. एकसारख्या गोष्टी वेगळ्या करायला आवडणाऱ्या तरुणाला ते जमेल हे खरं. तरी त्याला कारखाना आणि माडाची बाग दोन्ही दाखवल्याशिवाय आणि दोन्हीकडे त्याचा चेहरा, त्याचे हात पाहिल्याशिवाय काजू त्याच्या नावापुढे लिहू नये.

नोंदीबद्दल दोन इशारे. एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी टिपू नका. वही भरणारी आई मुलाकडे पाहायचं विसरते, आणि मग त्या वहीत खरं काही उरत नाही. दुसरं, मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडच्या सगळ्या नोंदी खाली घसरतात. पत्र्यावर पाण्याचा आवाज, गेलेली वीज, बंद शाळा, अंगाला घासणारे, न वाळणारे ओले कपडे. अशा वेळी 'मूल मागे पडलं' असं लिहिण्याआधी चौकटीच्या कोपऱ्यात पावसाची खूण करावी. आम्ही आता आषाढ-श्रावणासाठी वेगळ्या पायऱ्या लिहितो.

एक उद्दिष्ट आमच्यापैकी कुणीच लिहिलेलं नव्हतं. सात खणांच्या पट्टीवरच्या लाल गाडीकडे तो मुलगा बोट दाखवायचा, आणि आम्हाला वाटायचं बाबांबद्दल विचारतो आहे. बरेच महिने आम्ही चुकत होतो. एका सुट्टीत वडील त्याला सहज मालवणला घेऊन निघाले. स्टँडवर गाडी थांबली, सगळे उतरले, हा उतरेना. खिडकीची दांडी धरून बसला. कंडक्टरनं समजून घेतलं. गाडी परत मसुऱ्याला निघाली तेव्हा तो त्याच खिडकीत होता आणि हसत होता. मालवणात काही पाहायचं नाही, काही घ्यायचं नाही. गाडीनं जायचं आणि त्याच गाडीनं यायचं. आम्ही ते कागदावर घेतलं, पायऱ्या लिहिल्या, आजोबा आता पंधरा दिवसांतून एकदा त्याला नेतात.

या उद्दिष्टाची नोंद आमच्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. प्रत्येक फेरीचं तिकीट तो खिशातून काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. मशीनची ती तिकिटं लवकर पुसट होतात, सुरुवातीच्या तिकिटांवर आता काहीच वाचता येत नाही. तरी त्याला त्यांचा क्रम माहीत आहे. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा त्यानं डबा माझ्यासमोर उघडला आणि ती एकेक करून जमिनीवर मांडली. बावीस होती.